गॅरंटीला नव्हे, मापाला पैसे द्या : गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सदस्य,
महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्था.

विषय : गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर पैसे घालण्याआधी.

सप्रेम नमस्कार.

मे महिना अर्धा संपला की सोसायटीच्या ऑफिसात एकच लगबग सुरू होते. वरच्या मजल्यावरच्या सभासदांनी गेल्या पावसाळ्यातले ओल्या छताचे फोटो ग्रुपवर पुन्हा टाकलेले असतात. मुंबईत पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून. समितीपुढे तीन कोटेशन असतात : एकाचा दर अगदी कमी, दुसऱ्याचा त्याच्या दीडपट, तिसऱ्याचा अडीचपट. कोणी कोबा (विटांच्या तुकड्यांचा जाड थर) म्हणतो, कोणी कोटिंग (वरून द्यायचा द्रव लेप), कोणी मेम्ब्रेन (गुंडाळीत मिळणारी डांबरी चादर). तिन्हींत सारखी असते ती एकच ओळ, ‘१० वर्षांची गॅरंटी’. स्वस्तातले घेतले तर सभासद बोलतात, महागाचे घेतले तरी बोलतात, म्हणून मधले मंजूर होते.

इमारत-दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करणे, मापे घेणे आणि बिले तपासणे हा आमचा व्यवसाय. आमचे म्हणणे इतकेच की त्या एका ओळीला पैसे मोजू नका. जाडी, माल, उतार आणि चाचणी यांना मोजा. या चारही गोष्टी इंजिनिअर नसलेल्या माणसाला, टेप आणि खडू हातात घेऊन तपासता येतात.

पण तपासणीची सुरुवात गच्चीवरून नव्हे, खालच्या खोलीतून करा. छतावरचा डाग कधी वाढतो आणि कधी सुकतो, याची तारीखवार नोंद त्या सभासदाला ठेवायला सांगा. पावसात पसरतो आणि दिवाळीनंतर सुकत जातो तो डाग बहुधा गच्चीचा, कठड्याचा किंवा बाहेरच्या भिंतीचा. बारा महिने सारखाच ओला राहतो तो नळाचा, नहाणीचा किंवा टाकीचा. पाणी वर चढवल्यानंतर तासा-दोन तासांत ओल गडद होत असेल तर चढती पाइपलाइन आणि टाकीचा ओव्हरफ्लो आधी पाहा. पुष्कळ ठिकाणी ओव्हरफ्लोचा पाइप गच्चीवरच मोकळा सोडलेला असतो, पंप बंद करायचे वॉचमनच्या ध्यानात राहत नाही, आणि ऐन एप्रिलमध्ये गच्चीचा एक कोपरा शेवाळलेला असतो. एक एल्बो, थोडा पाइप आणि टाकीत बरा बॉलकॉक, एवढ्यावर भागणारे हे दुखणे आहे.

छत कोरडे आणि भिंत ओली असेल तर गच्चीला हात लावायचे कारण नाही. मुंबई-कोकणात पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत आधी भिजते. छज्जा भिंतीला मिळतो तिथली सांध, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, एसीचे ब्रॅकेट आणि केबलवाल्याने पाडलेली भोके ही तिथली नेहमीची दारे. बाहेरच्या प्लास्टरवर हातोडीच्या दांड्याने टकटक केली तर सुटलेला भाग पोकळ वाजतो. तेवढा भाग काढून नवे प्लास्टर करायचे. सबंध भिंतीला महागडा रंग फासून पोकळी भरत नाही.

आता गच्ची. महाराष्ट्रात १५-२० वर्षांपूर्वी बांधलेल्या बहुतेक इमारतींच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, वर सिमेंटचा थर किंवा चायना मोझॅक, म्हणजे चकचकीत फरशांचे तुकडे. या कोब्याचा स्वभाव समजून घेतला की अर्धी फसवणूक टळते. विटा आणि मसाला मिळून तो एक जाड स्पंज असतो. वरच्या थराला केसाएवढी चीर गेली की पाणी आत शिरते, विटा ते पितात, आणि ते उतारावरून, स्लॅबच्या पाठीवरून वाट मिळेल तिथवर सरकते. म्हणून चीर जिन्याजवळ असते आणि पाणी पार पलीकडच्या बेडरूममध्ये पडते. डाग जिथे आहे, नेमके त्याच्या डोक्यावर चार फरशा उचलून डांबर ओतण्यात काही हशील नसतो तो यामुळे. पाऊस थांबल्यावरही आठ-पंधरा दिवस छत ठिबकत राहते, तेही आत साठलेल्या पाण्यामुळेच.

याच कारणाने खालून दिलेली इंजेक्शने फसतात. छताला भोके पाडून पीयू ग्राउट (चीर बुजवणारे पॉलियुरेथेन रसायन) भरला की तेवढी चीर बंद होते, पण वर साठलेले पाणी कुठे जाणार? पुढच्या पावसात ते चार फुटांवरच्या पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या वायरिंगमधून उतरते. टाकीच्या भिंतीतली किंवा काँक्रीटमधली एखादी नेमकी चीर बंद करायला इंजेक्शन उपयोगी आहे. गच्चीचा तो इलाज नव्हे.

जुन्या कोब्यावर नवा कोबा, हा दुसरा लोकप्रिय प्रकार. जुना फोडण्याचा, राबीट (फोडलेला मलबा) खाली उतरवण्याचा खर्च वाचतो म्हणून कंत्राटदारही खूश आणि समितीही खूश. जरा वजन मांडून पाहू. गच्ची २,००० चौरस फूट, म्हणजे १८६ चौरस मीटर. कोबा पावसाच्या नळाजवळ अडीच इंच आणि उताराच्या वरच्या टोकाला साडेसहा इंच धरला तर सरासरी साडेचार इंच. त्याचे वजन चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. सबंध गच्चीवर ४० टनांपेक्षा जास्त. स्लॅबच्या मूळ हिशोबात एक कोबा धरलेला असतो, दोन नव्हेत. त्यातच स्लॅबची सळई गंजलेली असेल तर हे ४० टन आपण कशावर ठेवतो आहोत ते संरचना अभियंत्याकडून लेखी घ्या. लेखी नसेल तर जुना कोबा काढल्याशिवाय नवा घालू नका. दुसऱ्या कोब्यावर तिसरा घातलेल्या गच्च्याही आहेत. तिथे कठडा अडीच फुटांवर आलेला असतो आणि जिन्याचा उंबरठा पाण्याच्या पातळीखाली गेलेला असतो.

कोबा काढल्यावर स्लॅबची पाठ उघडी पडते, ही संधी सोडू नका. काँक्रीटचा कोपरा छिन्नीने ताजा फोडा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीनच्या द्रावणाचा फवारा मारा. निरोगी काँक्रीट बघता बघता गडद गुलाबी होते. जो पट्टा राखाडीच राहतो, तिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा क्षार मारून टाकलेला असतो. हा राखाडी पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर सळईचे कवच गेले, आणि आता ओल लागली की ती गंजणार. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो, म्हणूनच छताचे पोपडे सळईच्या रेषेत पडतात. अशा जागी नुसते प्लास्टर केले तर दोन पावसाळ्यांत ते हातात येते. सळईच्या मागेही बोट जाईल इतके काँक्रीट काढायचे, सळई चकचकीत होईपर्यंत तारेच्या ब्रशने गंज घासून काढायचा, गंजरोधक लेप द्यायचा, मग जुन्या-नव्याला जोडणारा बाँडिंग कोट, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मसाल्याचे थर. एका वेळी १०-१२ मिलिमीटरहून जाड थर नको. सळई बारीक झाली असेल तर जोडीला नवी टाकायची. आणि हे सगळे टेकू लावून. टेकू न लावता छत फोडणाऱ्या माणसाला त्याच क्षणी काम थांबवायला सांगा.

नवा कोबा घालायचा ठरला तर निविदेत ‘ब्रिकबॅट कोबा करून देणे’ एवढेच लिहू नका. कामाचे टप्पे लिहा. स्लॅब धुऊन स्वच्छ, चिरा व्ही आकारात कापून भरलेल्या, सिमेंटचा घोल, त्यावर वॉटरप्रूफिंग कंपाऊंड घातलेल्या १:४ मसाल्याचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) २० मिलिमीटरचा पहिला थर. हा थर वाळून पक्का झाला की इथेच पाणी साचवून ४८ तास थांबा. हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि खरे वॉटरप्रूफिंग हेच असते; वरचा विटांचा थर उतारासाठी आणि उन्हापासून आडोशासाठी. विटा पक्क्या भाजलेल्या असाव्यात आणि लावण्याआधी पाण्यात बुडवलेल्या. कोरडी वीट मसाल्यातले पाणी ओढून घेते आणि मसाला भुसभुशीत राहतो. तुकडे कडेवर उभे, मध्ये बोटभर सांध, सांध पूर्ण भरलेली. मग वरचा थर, त्यावर फूट-फूट अंतरावर दोरीच्या रेघा, म्हणजे उन्हाने चीर पडायचीच तर ती रेघेत पडते. कठड्याला मिळतो तिथे काटकोन न ठेवता मसाल्याने कोपरा गोल करायचा (यालाच वाटा म्हणतात), आणि थर कठड्यावर निदान एक फूट वर चढवलेला. गळणाऱ्या गच्च्यांमध्ये मधल्या भागापेक्षा वाट्याची चीर जास्त वेळा सापडते, कारण ऊन लागले की कोबा आणि कठडा आपापल्या दिशेने हलतात.

कंपाऊंड आयएस २६४५ या भारतीय मानकाचे असावे, आणि ते किती घालायचे ते डब्यावर लिहिलेले असते. बरीच द्रव कंपाऊंड सिमेंटच्या एका पोत्याला २०० मिलिलिटर लागतात. रोज किती पोती फुटली आणि किती कंपाऊंड वापरले याचा ताळा घातला की पुरे. १०० पोत्यांना २० लिटर हवे होते आणि साइटवर पाच लिटरचा एकच कॅन दिसत असेल, तर बाकीचे गवंड्याच्या हातगुणावर चालले आहे. क्युरिंग म्हणजे संध्याकाळी पाइपने एकदा शिंपडणे नव्हे. बाजारातले बहुतेक सिमेंट आता फ्लाय अॅश किंवा स्लॅग मिसळलेले असते, आणि तशा सिमेंटला आयएस ४५६ किमान १० दिवस ओलावा सांगते. छोटी पाळ घालून पाणी साठवून ठेवा. हे पाणी कोण देणार, टँकर कोणाचा, तेही निविदेत हवे. कामाच्या मध्यावर भांडण हमखास याच मुद्द्यावर होते.

कोटिंग घेणाऱ्यांनी एक हिशोब पाठ करावा, फार सोपा आहे. एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर पसरला की बरोबर एक मिलिमीटर जाडी होते. पण त्यातले पाणी उडून जाते. डब्याच्या तांत्रिक पत्रकात घनभागाचे प्रमाण दिलेले असते. ते घनफळाने ५० टक्के असेल तर वाळल्यावर अर्धा मिलिमीटर उरतो. म्हणजे वाळलेली जाडी एक मिलिमीटर हवी असेल तर चौरस मीटरला दोन लिटर, आणि आपल्या १८६ चौरस मीटरच्या गच्चीला ३७२ लिटर. २० लिटरच्या १९ बादल्या. आता साइटवर सात बादल्या आल्या असतील तर जाडी ०.३८ मिलिमीटर होणार, मग कोटेशनमध्ये काहीही लिहिलेले असो. बादली लिटरची आहे की किलोची तेही वाचा. द्रवाची घनता १.३ असेल तर २० किलोच्या बादलीत जेमतेम १५ लिटर असतात. खरखरीत कोब्यावर आणि मोझॅकच्या सांध्यांत माल आणखी जातो. म्हणून करारात ‘दोन कोट’ किंवा ‘तीन कोट’ असे शब्द नकोत, कोट कितीही पातळ मारता येतो. ‘वाळलेली जाडी इतकी आणि चौरस मीटरला माल इतका’ असे लिहा. सीलबंद बादल्या सोसायटीच्या ऑफिससमोर उतरवून बॅच नंबरसह मोजा, आणि रिकाम्या बादल्या शेवटचे बिल होईपर्यंत परत देऊ नका. वॉचमनला बादल्यांचा मोह असतो, तेवढे सांभाळा.

आणखी एक. कोटिंग कितीही भारी असले तरी ओल्या कोब्यावर टिकत नाही. आतल्या पाण्याची उन्हाने वाफ होते, बाहेर पडायला जागा नसते, आणि कोटिंग पापडासारखे फुगते. तपासायचे कसे? दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक गच्चीवर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा, आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत, निदान १६ तास तसेच राहू द्या. खालच्या बाजूला दव साठले किंवा कोबा काळपट दिसला तर अजून थांबा. गच्चीच्या चार-पाच जागी हे करून पाहायला पाव किलो प्लास्टिकही लागत नाही.

वर लावायच्या डांबरी मेम्ब्रेनबद्दल थोडक्यात. रोल एक मीटर रुंद आणि १० मीटर लांब असतो. बाजूच्या सांध्याला १०० मिलिमीटर आणि टोकाला १५० मिलिमीटर पट्टा एकावर एक यायला हवा, म्हणजे १० चौरस मीटरच्या रोलमध्ये प्रत्यक्षात नऊपेक्षा कमीच गच्ची झाकते. बिल झाकलेल्या क्षेत्रफळाचे द्यायचे, रोलच्या क्षेत्रफळाचे नाही. कठड्यावर चढवलेले टोक खाचेत घुसवून बंद केलेले नसेल तर दुसऱ्या उन्हाळ्यात ते जिभेसारखे बाहेर येते.

उताराकडे समित्यांचे लक्ष जवळजवळ नसते. साधारण १०० ला १ हवा, म्हणजे १० मीटर लांबीवर १० सेंटिमीटर. लेव्हल ट्यूब (पाण्याने भरलेली पारदर्शक नळी) घेऊन दोन माणसे अर्ध्या तासात सारी गच्ची तपासतात. आता पाण्याचा अंदाज घ्या. तासाला १०० मिलिमीटर असा मुसळधार पाऊस पडला तर आपल्या गच्चीवर त्या तासात १८,६०० लिटर पाणी पडते, सेकंदाला पाच लिटरहून जास्त. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे लक्षात असू द्या. अशा पाण्याला खाली उतरवणारे चार नळ असले आणि त्यातले दोन पिंपळाच्या पानांनी, पतंगांच्या कागदांनी आणि कबुतरांच्या पिसांनी तुंबलेले असले, तर पाणी कठड्याच्या वाट्यापर्यंत चढते आणि वाट्याच्या वरच्या सांध्यातून आत उतरते. चांगल्या वॉटरप्रूफिंगलाही मग दोष लागतो. नळाच्या तोंडावर सपाट जाळी नको, पान पडले की ती बंद होते. घुमटीची जाळी बसवा. तोंडाभोवतीचा भाग आजूबाजूपेक्षा इंचभर खोलगट हवा. कोब्यावर कोबा घातलेल्या गच्चीवर तोंड नेमके उंच राहून जाते. पिंपळाचे रोप वरून कापून उपयोग नाही, ते दुप्पट फुटते; मुळासकट काढून, तण-मारक घालून, ती चीर भरावी लागते.

चाचणीचे आता सविस्तर, कारण पैसे अडवायचे ते हिच्यावर. ‘आम्ही पाणी भरून दाखवले’ असे कंत्राटदार सांगतो तेव्हा बहुधा नळाच्या तोंडाशी बोळा कोंबून दुपारभर ठेवलेले असते. उतार १० मीटरवर १० सेंटिमीटर असेल तर नळाशी चार इंच पाणी भरले तरी वरचे टोक कोरडेच राहते. वरच्या टोकाला एक इंच यायचे तर नळाशी पाच इंच भरावे लागेल, आणि तिथे स्लॅबवर विनाकारण चौरस मीटरला सव्वाशे किलो बोजा येईल. त्यापेक्षा भाताच्या खाचरासारखे वाफे करा. चिकणमातीची किंवा कच्च्या मसाल्याची चार-पाच इंच उंचीची पाळ घालून गच्चीचे भाग पाडा, प्रत्येकात उथळ बाजूला इंचभर पाणी येईल इतके भरा. कठड्यावर खडूने पातळीची रेघ मारा, तारीख-वेळ लिहा. त्याच पाण्यात एक घमेले काठोकाठ नव्हे, पण बाहेरच्या पातळीइतके भरून ठेवा. दोन दिवसांनी घमेल्यातले पाणी आठ मिलिमीटर उतरले आणि वाफ्यातले वीस, तर उन्हाने आठ नेले. बाकीचे बारा कुठे गेले ते खालच्या खोलीत जाऊन पाहा. ४८ तास हे किमान, ७२ असले तर उत्तम. जुन्या, धोकादायक ठरलेल्या इमारतीत ही चाचणी अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नका.

आता पैशांचे. गच्ची ही सामायिक मालमत्ता आहे आणि आदर्श उपविधींनुसार (संस्थांच्या नमुना नियमावलीनुसार) पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामायिक पाइपची आणि ड्रेनेजची गळती काढणे हा संस्थेचा खर्च आहे. वरच्या मजल्यावरच्या चौघांनी आपसांत वर्गणी काढून गच्ची करून घ्यावी, हे तिसऱ्या मजल्यावरच्यांना पटणारे असले तरी नियमाला धरून नाही. घरातल्या नहाणीची, संडासाची आणि सिंकची अंतर्गत गळती मात्र त्या-त्या सभासदाने काढायची.

उपविधी दुरुस्ती-देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी जमिनीची किंमत वगळून किमान ०.२५ टक्के घ्यायला सांगतात. बांधकाम खर्च १५ लाख असेल तर दुरुस्ती निधीचे वर्षाला ११,२५० आणि सिंकिंग फंडाचे ३,७५० रुपये होतात. आपल्या मेंटेनन्स बिलात हे आकडे किती आहेत ते एकदा पाहा. शंभर-दोनशे रुपयांवर अडकलेले असतील तर गच्चीच्या वेळी एकरकमी वर्गणी येणार, तीन सभासद ती देणार नाहीत आणि काम मे महिन्यावर जाणार, हे ठरलेले. सिंकिंग फंड किरकोळ डागडुजीसाठी नाही. मोठ्या संरचनात्मक दुरुस्तीला, सर्वसाधारण सभेच्या ठरावाने आणि वास्तुविशारदाच्या दाखल्यावर तो काढायचा असतो. इमारत १५ वर्षांची झाली की ३० वर्षांपर्यंत दर ५ वर्षांनी आणि नंतर दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी उपविधीतच आहे. गच्चीचे काम या तपासणीच्या अहवालाला जोडून काढा, म्हणजे आधी गच्ची करून मग सळईसाठी तीच फोडायची पाळी येत नाही.

कोटेशन्सची तुलना करताना सगळ्यांत जीएसटी धरला आहे का ते बघा. या कामावर तो १८ टक्के आहे, आणि ‘कर वेगळा’ ही तळटीप स्वस्त कोटेशनला हमखास महाग करते. जुना कोबा काढणे, राबीट गोण्यांतून उतरवून मनपाच्या नियमाप्रमाणे टाकणे, परांची, वाटा, नळांची तोंडे, टाकीखालची जागा, डिश अँटेना काढून परत बसवणे हे सगळे दरात आहे की जादा, ते ओळीने लिहून घ्या. वाट्याचे माप धावत्या फुटात घेतले असेल तर तोच वाटा पुन्हा चौरस फुटात धरलेला नाही ना, ते बिल तपासताना बघा. ही दुहेरी मोजणी इतकी नेहमीची आहे की ती चूक मानायची की रीत, हा प्रश्न पडावा. कामगारांचा नुकसानभरपाई विमा कंत्राटदाराकडून मागा; परांचीवरून माणूस पडला तर जबाबदारी संस्थेच्या दारापर्यंत येऊ शकते. कंत्राटदाराच्या बिलातून टीडीएस (मुळातच कापायचा आयकर) कापायला विसरू नका.

पैसे टप्प्यांनी द्या. सुरुवातीला १० टक्क्यांहून जास्त नको. पुढची बिले प्रत्यक्ष मापावर. निदान १० टक्के रक्कम राखून ठेवा : त्यातली निम्मी पहिला पूर्ण पावसाळा झाल्यावर, निम्मी दुसऱ्यानंतर. १० वर्षांची गॅरंटी बिनदिक्कत देणारे काही जण या एका कलमाला मात्र हरकत घेतात. ज्याची हरकत नाही त्याच्याशी पुढे बोला. गॅरंटी घ्यायचीच तर ती कोण देतो आहे ते वाचा. माल बनवणाऱ्या कंपनीचे पत्र बहुधा मालापुरते असते, मजुरी आणि पुन्हा कोबा फोडण्याचा खर्च त्यात नसतो. गच्चीत भोक पाडले तर गॅरंटी रद्द, हे कलमही असतेच. म्हणजे पुढच्या वर्षी सोलरचे पाय किंवा पत्र्याची शेड थेट कोब्यात ठोकली की कागद संपला. असे पाय छोट्या काँक्रीटच्या ओट्यांवर उभे करायचे असतात, तेही वॉटरप्रूफिंगच्या आधी ठरवून.

राहता राहिले वेळापत्रक. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, आणि सप्टेंबरमध्ये छताचे डाग अजून ओले असतात. ठराव तेव्हा मांडा, मंजूर व्हायला तोच महिना बरा. ऑक्टोबरात तपासणी आणि निविदा, दिवाळीनंतर कोबा काढायला सुरुवात, जानेवारीपर्यंत काम, फेब्रुवारीत पाण्याची चाचणी. थंडीत मसाला सावकाश आवळतो, चिरा कमी पडतात. मेच्या उन्हात सकाळी घातलेला थर दुपारपर्यंत भेगाळतो, आणि क्युरिंगला पाणी मिळत नाही ते वेगळेच.

यंदा मे उजाडलाच असेल आणि काम झालेले नसेल, तर घाईने मोठे कंत्राट देऊ नका. नळांची तोंडे साफ करा, ओव्हरफ्लो वळवा, वाट्याच्या चिरा कापून पॉलिमर मसाल्याने भरा, जिथे गळते त्या भागावर जाड ताडपत्री कठड्यावर चढवून बांधा. पहिला मोठा पाऊस थांबला की २४ तासांनी गच्चीवर जा. जिथे जिथे पाणी साचलेले दिसेल त्या प्रत्येक डबक्याभोवती खडूने रेघ ओढा, खोली पट्टीने मोजा, तारखेसह फोटो घ्या, आणि तेच फोटो गच्चीच्या नकाशावर आकडे टाकून सप्टेंबरच्या सभेच्या फाइलला लावा.

आपले,
इमारत-दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करणारे काही स्थापत्य अभियंते